ऑर्किडच्या कुंडीत खराटा उगवलाय, पान नाही फूल नाही, उपटू की ठेवू?

कुंडीवाली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बाल्कनीत एक डेंड्रोबियम आहे, दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेलं, कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण भरलेली कुंडी. गेल्या पावसाळ्यात कडेने दोन हिरव्या काड्या आल्या, मला वाटलं ऑर्किडचीच काहीतरी भानगड असेल म्हणून लक्ष दिलं नाही. आता त्याचा दीड वीत उंच झुपका झालाय आणि अक्षरशः खराट्यासारखा दिसतोय. पान एकही नाही. काडी वर जाते, तिचे दोन फाटे होतात, त्या प्रत्येकाचे परत दोन, परत दोन, असं शेवटपर्यंत. वरच्या काड्यांना मोहरीएवढ्या पिवळ्या गोळ्या लागल्यात, त्या भिंगातून बघितल्या तर गोल नाहीयेत, तीन फुगवटे चिकटल्यासारखे दिसतात.

मोबाईलच्या ॲपने एकदा शतावरी सांगितलं, एकदा शेर सांगितलं (शेर कशावरून, चीक तर एक थेंब नाही!). सासूबाई म्हणतात तण आहे, उपटून टाक, ऑर्किडचं खाईल. खालच्या मजल्यावरचा मुलगा बीएस्सीला आहे तो बघून एकदम ओरडलाच, काकू हे जगातलं सगळ्यात जुनं झाड आहे, चाळीस कोटी वर्षं जुनं, आम्हाला सिलॅबसला आहे. आता चाळीस कोटी वर्षांची वस्तू माझ्या डोंबिवलीच्या बाल्कनीत कशी आली ते तरी सांगा. आणि उपटू का नको?

हिरवा_अंगठा

उपटू नका!!! बाकी जाणकार सांगतीलच.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला माझ्यातर्फे एक चहा पाजा. तुमच्याकडे आलंय ते सायलोटम न्यूडम. इंग्रजीत त्याला व्हिस्क फर्न म्हणतात म्हणजे आपला खराटाच, तेव्हा तुम्ही नाव बरोबर ठेवलंय. ग्रीक भाषेत सायलोस म्हणजे उघडं, आणि न्यूडम म्हणजे लॅटिनमध्ये परत उघडंच, थोडक्यात दोनदा नागडं म्हणून ठेवलंय बिचाऱ्याला. लिनियसने 1753 मध्ये त्याला लायकोपोडियम नावाच्या दुसऱ्याच वंशात घातलं होतं, सायलोटम ते नंतर झालं.

तुम्ही पान नाही म्हणालात ते बरोबर पण थोडं अजून बघा, काडीवर बारीक बारीक खवल्यासारखे टोचे दिसतील. ते पान नव्हे, कारण त्यात शीर जात नाही. पानाचं सगळं काम हिरवी काडीच करते, श्वास घ्यायची भोकंही काडीवरच असतात. आता एक काडी हळूच उकरून खाली बघितलीत (नाही बघितलीत तर जास्त बरं) तर मूळही नाही. जमिनीखाली एक खोडच आडवं पसरलेलं असतं, त्याला केसांसारखे तंतू, आणि त्या खोडाच्या आत बुरशी. ही बुरशी पाणी आणि क्षार आणून देते, मुळाचं काम तिच्याकडे आऊटसोर्स केलंय म्हणा. त्यामुळे सासूबाईंना सांगा, ते ऑर्किडचं काही खात नाही.

पिवळ्या गोळ्या म्हणजे तीन बीजाणुधानी (स्पोरच्या पिशव्या) एकत्र जुळून झालेली डबी, सायनँजियम. त्या फुटल्या की आतून पिवळसर पूड उडते, ते स्पोर, म्हणजे बीऐवजी ज्यातून पुढची पिढी रुजते ते कण. नर्सरीत एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हे असंच जातं, जगभर ग्रीनहाऊसवाले याला न बोलावता आलेला पाहुणा म्हणून ओळखतात. तुमच्या सोडणातच स्पोर किंवा खोडाचा तुकडा आला असणार.

मी हे पहिल्यांदा बघितलं ते पचमढीला, कॉलेजची बोटॅनिकल टूर होती, आमचे सर दगडाच्या कपारीपाशी थांबले आणि चाळीस पोरांना रांगेत एकेक करून दाखवलं, हात लावायचा नाही म्हणाले. नंतर आयुष्यभर प्रॅक्टिकलच्या परीक्षेत खोडाचा काप दिला पोरांना, मधे चांदणीसारखं झायलम (पाणी वाहणारा भाग), दिसलं की पाच मार्क पक्के. जमिनीवर आलेल्या पहिल्या संवहनी वनस्पती, म्हणजे पाणी वर चढवायच्या नळ्या ज्यांच्यात आल्या त्या, साधारण अशाच होत्या. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या गावात चर्ट दगडात त्या सापडल्या, 1912 च्या सुमारास मॅकी नावाच्या डॉक्टरला, आणि 1917 ते 1921 मध्ये किडस्टन आणि लँग यांनी त्यांचं वर्णन केलं. गरम झऱ्याच्या सिलिकायुक्त पाण्याने झाडं जागच्या जागी दगड करून ठेवली, इतकी छान की पेशीसुद्धा दिसतात. पान नाही मूळ नाही, दोन दोन फाटे. वय 40 कोटी वर्षांच्या वर. तुमची कुंडी तीच गोष्ट सांगते.

पीएचडी_चालू_आहे

मास्तर, सॉरी, वर्णन एकदम कडक पण शेवटच्या परिच्छेदाशी भांडायचंय 🙂

सायलोटम ऱ्हायनियासारखं (म्हणजे त्या चर्टमधल्या झाडासारखं) दिसतं हे खरं पण त्याचं वंशज म्हणून आपल्याला जे शिकवलं ते आता कोणी मानत नाही. शंका आधीपासून होतीच, बिअरहॉर्स्ट नावाचा माणूस साठ-सत्तरच्या दशकात ओरडून सांगत होता की हा नेचा (फर्न) आहे, लोक ऐकत नव्हते. मग डीएनए आलं आणि 2001 मध्ये नेचरमध्ये प्रायर वगैरेंचा पेपर आला त्यात सायलोटम सरळ नेच्यांच्या घोळक्यात जाऊन बसलं. आणि त्याचा सख्खा शेजारी कोण तर ऑफिओग्लॉसम नावाचा एक छोटासा नेचा. म्हणजे याच्या पूर्वजांना पानं पण होती आणि मुळं पण होती, याने ती सोडून दिली. सापाला पाय नाहीत म्हणून तो गांडुळाचा भाऊ होत नाही ना, सरड्याच्याच कुळातला तो, तसं.

नीट बघितलं तर खुणा होत्याच. ऱ्हायनियाची बीजाणुधानी फांदीच्या टोकाला आणि एकटी, सायलोटमची बाजूला आणि तीन चिकटलेली. आणि मधल्या चाळीस कोटी वर्षांत या घराण्याचा जीवाश्म कुठे सापडत नाही, एवढा मोठा गॅप असताना आपण सरळ रेघ ओढून मोकळे झालो होतो. उलट ऑफिओग्लॉसमशी काय काय जुळतं बघा, त्याच्या मुळांना मूलरोम नाहीत, सगळी भिस्त बुरशीवर, आणि दोघांचीही जी दुसरी पिढी असते, गॅमेटोफाईट, ती जमिनीखाली अंधारात, हिरवी नाही, पूर्णपणे बुरशीच्या जिवावर जगणारी. सायलोटमचा स्पोर तर उजेडात रुजतच नाही, त्याला अंधार लागतो. ताईंच्या कुंडीत कुठेतरी खाली काही मिलिमीटरचे तपकिरी गाठोळे असतील, ते म्हणजे याच झाडाची अर्धी जिंदगी आणि ती कोणालाच दिसत नाही.

त्यामुळे त्या बीएस्सीवाल्या मुलाला सांगा परीक्षेत लिही जे सिलॅबसमध्ये आहे ते, पण मनात ठेवू नको.

निवृत्त_मास्तर

अहो भांडा की, त्यासाठीच तर इथे येतो. तुमचा 2001 चा पेपर मी ऐकला होता पण तोवर माझ्या नोट्स पिवळ्या पडलेल्या आणि पोरांना पाठ झालेल्या, बदलायचा आळस केला हे कबूल. सापाचं उदाहरण चांगलं आहे, मला वीस वर्षं आधी सुचायला हवं होतं. फक्त एक, बुरशीबद्दल माझं म्हणणं टिकतं. ऱ्हायनीच्या दगडातल्या झाडांच्या पेशीत पण बुरशी दिसते. म्हणजे मूळ नसलं तर बुरशीशी सोयरीक, ही युक्ती जुनीच. याने ती परत वापरली म्हणा.

सड्यावरचा_माणूस

ऑफिओग्लॉसमचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यावर जुलैमध्ये या, बोटाच्या पेरापेक्षा लहान एकच हिरवं पान आणि त्यातून वर आलेली एक काडी, काडीच्या दोन्ही बाजूला मण्यांची माळ लावल्यासारखी बीजाणुधानी. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. गाड्या त्याच्यावरूनच पार्क करतात लोक. कासला पण आहे पण तिथे सगळे फुलांचे फोटो काढण्यात, याच्याकडे कोण बघतोय.

आणि या एवढ्याशा वनस्पतीच्या नावावर काय रेकॉर्ड आहे माहितीये का? ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम, 1440 क्रोमोसोम. माणसाला 46. झाडं-प्राण्यांमध्ये एवढे क्रोमोसोम दुसऱ्या कोणात सापडलेले नाहीत. मी हे एकदा पाहुण्यांना सड्यावर उभं राहून सांगितलं तर त्यातल्या एकाने विचारलं, मग एवढे घेऊन करतंय काय. उत्तर माझ्याकडे नव्हतं, पाऊस आला, आम्ही पळालो.

ऑकलंडकर

मी न्यूझीलंडमध्ये आहे म्हणून या घराण्याच्या दुसऱ्या मेंबरबद्दल सांगतो कारण तो तुमच्याकडे बघायला मिळत नाही. सायलोटमच्या कुळात आता दोनच वंश उरलेत, एक तुमचा खराटा आणि दुसरा टमेसिप्टेरिस (उच्चार जमला नाही तर सोडून द्या मला पण सहा महिने लागले). इथे जंगलात ट्री-फर्नच्या खोडावरून हे खाली लोंबतं, चपटी पानासारखी पातं असतात त्याला, चालता चालता तोंडाला लागतं इतकं कॉमन आहे. न्यू कॅलेडोनियात याचीच एक जात आहे टमेसिप्टेरिस ऑब्लँसियोलाटा, तिचा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) मोजला आणि 2024 च्या मे महिन्यात जाहीर केलं, लंडनचं क्यू गार्डन आणि बार्सिलोनाच्या लोकांचं काम, 16,000 कोटी अक्षरं! माणसाच्या पन्नासपटीपेक्षा जास्त. जगात आत्तापर्यंत मोजलेला सगळ्यात मोठा जीनोम, आधीचा विक्रम पॅरिस जॅपोनिका नावाच्या जपानी फुलझाडाचा होता तो मोडला. एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर शंभर मीटर. आणि दिसायला काय, पाणी घालायला विसरलेल्या नेच्यासारखं.

सायलोटम पण इथे आहे. समोर रांगीटोटो बेट आहे, जेमतेम सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, अजून काळा लाव्हाच आहे सगळीकडे, माती जवळपास नाही. त्या लाव्हाच्या भेगांत हा खराटा उभा असतो. रोटोरुआला गरम वाफेच्या जमिनीवर पण. तेव्हा डोंबिवलीची बाल्कनी म्हणजे त्याच्यासाठी फाईव्ह स्टार आहे ताई.

कुंडीवाली_डोंबिवली

बापरे. मी विचारलं होतं उपटू का ठेवू 😄 सगळं वाचलं दोनदा. सासूबाईंना वाचून दाखवलं त्या म्हणाल्या बुरशी आहे म्हणजे घरात नको. आता?

दुसरं म्हणजे, हे जर खरं जुनं नाही तर मग खरं जुनं कुठलं? खालच्या मुलाला सांगायला पाहिजे ना काहीतरी, त्याचं तोंड एवढंसं झालंय.

पीएचडी_चालू_आहे

त्या मुलाला म्हणावं पाचगणीला जा. टेबललँडवर पावसाळ्यात जी डबकी साठतात त्यात कांद्याच्या कोवळ्या पातीसारखं गवत दिसेल, ते गवत नाही, आयसोएटिस. पाचगणीच्या नावाने जातच आहे, आयसोएटिस पंचगनिएन्सिस, आणि आयसोएटिस सह्याद्रिएन्सिस पुण्याच्या महाबळे सरांनी वर्णन केलेली. एखादी पात तुटून वर तरंगत असली तर तिचा बूड बघा, फुगलेला पांढरा खिसा असतो, त्यात साध्या डोळ्यांना दिसणारे रव्यासारखे कण, ते मोठे स्पोर. पात मधून कापली तर चार हवेच्या नळ्या.

हे लायकोफाईट. बाकी सगळ्या संवहनी वनस्पती, म्हणजे नेचे, सायलोटम, सूचिपर्णी, आंबा, गहू, हे सगळे एका फाट्यावर आणि लायकोफाईट दुसऱ्या फाट्यावर, आणि तो फाटा फुटला 40 कोटी वर्षांच्याही आधी. त्यांची पानं पण वेगळ्या रस्त्याने तयार झालेली. सेलाजिनेला, लायकोपोडियम, आयसोएटिस एवढीच मंडळी उरलीत त्या बाजूला. आणि एक काळ असा होता की यांचेच नातेवाईक तीस-तीस मीटर उंच झाडं होती, लेपिडोडेंड्रॉन, खोडावर मगरीच्या कातड्यासारखे चौकटीचे व्रण. दलदलीत त्यांची जंगलंच्या जंगलं. त्यातल्या जिवंत राहिलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा कोण तर हे वीतभर पाणगवत. त्याच्या बुडातल्या गाठीतून मुळं जशी फुटतात ती रचना त्या राक्षसांच्या मुळांशी अजून जुळते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा टेबललँडवर घोडे त्या डबक्यातून चालत होते.

अजून एक मजा. डबक्यात दिवसा सगळ्या शेवाळांची कार्बन डायऑक्साइडसाठी झोंबाझोंबी, म्हणून आयसोएटिस तो रात्री घेऊन ठेवतं आम्लाच्या रूपात आणि दिवसा वापरतं. हीच युक्ती निवडुंग वाळवंटात करतो, पाणी वाचवायला. एक पाण्यात बुडालेला, एक पाण्यावाचून, आणि दोघांची सवय तीच.

जुनं म्हणताना एक ध्यानात ठेवा, फाटा जुना आहे. आजची आयसोएटिस आजचीच, ती पण तेवढीच वर्षं बदलत आलीये जेवढी आपण.

वर्धा_व्हॅली

लेपिडोडेंड्रॉन म्हणजे कोळसा झाला ती झाडं ना? म्हणजे आमच्या चंद्रपूरच्या खाणीत जो निघतो तो याच पाणगवताच्या आजोबांचा?

निवृत्त_मास्तर

नाही हो, हा घोळ फार होतो, पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेच्या कोळशावरून लिहिलेली असतात त्यामुळे. तिकडचा कोळसा कार्बोनिफेरस काळातला, त्यात लेपिडोडेंड्रॉन भरपूर. आपला वर्धा खोऱ्यातला कोळसा नंतरचा, पर्मियन, गोंडवन काळातला, तेव्हा आपण दक्षिणेकडच्या थंड भागात होतो आणि जंगल होतं ग्लॉसॉप्टेरिसचं. ते बी येणारं झाड होतं, जिभेच्या आकाराचं पान, मधली शीर ठळक आणि बाजूच्या शिरांची जाळी. खाणीतल्या शेलचे (थराथराच्या दगडाचे) तुकडे फोडून बघा, पानाचे ठसे मिळतात, माझ्याकडे एक आहे, पेपरवेट म्हणून वापरतो (बायकोच्या मते दगड).

वर्धा_व्हॅली

शेल आमच्या अंगणात पडलेले आहेत मास्तर. रविवारी फोडतो.

जत्रेतला_गिऱ्हाईक

सेलाजिनेला म्हणजे तेच ना जे जत्रेत संजीवनी बुटी म्हणून विकतात? सुकलेला मुठीसारखा गोळा, पाण्यात टाकला की रात्रीत उलगडून हिरवा होतो. मी पन्नास रुपयाला घेतला होता. आणि लायकोपोडियम म्हणजे होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं लायकोपोडियम?

पीएचडी_चालू_आहे

दोन्ही हो. मध्य भारतातल्या डोंगरांवर खडकावर येते ती सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस, खरोखर वाळते आणि खरोखर जिवंत होते. मेक्सिकोच्या बाजूची सेलाजिनेला लेपिडोफायला पण तशीच विकतात, त्यात मेलेला गोळा असला तरी पाण्याने उलगडतो, फक्त हिरवा होत नाही, तेवढा फरक बघून पैसे द्या. लक्ष्मणाचं मी काही सांगू शकत नाही. लायकोपोडियमचे स्पोर म्हणजे ती पिवळी पूड, तेलकट असते, पेटवली की भक्कन जळते म्हणून जुन्या नाटकात वीज दाखवायला आणि फोटोच्या फ्लॅशला वापरायचे. गोळ्या एकमेकांना चिकटू नयेत म्हणून औषधवाले पण लावायचे. होमिओपॅथीबद्दल इथे भांडण नको.

हिरवा_अंगठा

भांडण करूया की 😈

दोन_पिढ्या_नर्सरी

मूळ प्रश्नाकडे येतो नाहीतर ताई पळून जातील. आमच्याकडे हे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या कुंडीत निघतं, आधी आम्ही फेकायचो, आता जपानी लोकांमुळे शहाणे झालो. जपानात याला मात्सुबारान म्हणतात, एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) छंद म्हणून कुंडीत वाढवतात, वळलेल्या काड्यांचं, पिवळ्या पट्ट्याचं, ठेंगणं, अशा शंभराहून जास्त जाती निवडून ठेवल्यात. म्हणजे आपल्याकडे जे तण ते तिकडे कोनाड्यात. हवाईत याला मोआ म्हणतात, मोआ म्हणजे कोंबडा, पोरं दोन काड्यांचे फाटे एकमेकांत अडकवून ओढतात, ज्याची तुटली तो हरला आणि जिंकलेला कोंबड्यासारखा आरवतो. तिथले लोक स्पोरची पूड काखेत-मांडीत कातडी घासू नये म्हणून लावायचे, आपल्या टाल्कमसारखी.

आता करायचं काय. बुरशीला घाबरू नका, ती खोडाच्या आत असते, भिंतीला लागते ती वेगळी, सासूबाईंना तसं सांगा. वेगळं काढायचा मोह टाळा, झुपका उपटून नव्या स्वच्छ मातीत लावला की नव्वद टक्के मरतो कारण बुरशी जुन्या सोडणात राहून जाते (टक्के माझ्या हातचे आहेत, पेपरमधले नाहीत). काढायचाच असेल तर उलटं करा, ऑर्किड नव्या कुंडीत हलवा, त्याला सवय असते, आणि खराट्याला जुनी कुंडी ठेवू द्या. ऊन थेट नको, सकाळचं चालेल, ओलसर ठेवा पण पाणी साठू देऊ नका, खत विसरा. पिवळ्या गोळ्या उकलायला लागल्या की शेजारच्या दोन कुंड्यांत पण सोडण घालून ठेवा, नशीब असेल तर एक-दोन वर्षांनी काहीतरी वर येईल. घाई असेल तर मनी प्लांट लावा.

सड्यावरचा_माणूस

आणि कृपया हे सगळं वाचून पाचगणी किंवा कासवरनं काही उपटून आणू नका. आयसोएटिस कुंडीत सहसा जगत नाही, डबकं मात्र रिकामं होतं. कुंडीत आपणहून आलंय त्याचं कौतुक करा.

कुंडीवाली_डोंबिवली

अपडेट. ऑर्किड हलवलं. जुन्या कुंडीवर खडूने "खराटा, हात लावू नये" लिहिलंय. सासूबाईंनी मोआचा खेळ वाचला आणि माझ्या नकळत दोन काड्या तोडून नातवाबरोबर खेळल्या, त्या जिंकल्या, आरवल्या पण. खालचा मुलगा येऊन फोटो काढून गेला, त्याने सरांना वर्गात विचारलं की नेचा आहे का ऱ्हायनियाचा वंशज, सर म्हणाले परीक्षा झाल्यावर भेट.

गोळ्या मोजल्या, सदतीस आहेत. त्यातल्या चार आज उकलल्यात.